चौदा एप्रिलच्या नोंदी

मराठी माणसाला वर्षाचे दोन हिशेब एकाच वेळी सांभाळावे लागतात, एक तिथीचा आणि दुसरा तारखेचा. तुकाराम बीज फाल्गुन वद्य द्वितीयेलाच येते आणि आळंदीचा संजीवन समाधी सोहळा कार्तिक वद्य त्रयोदशीलाच होतो. त्या दिवशी इंग्रजी महिन्याची कोणती तारीख पडली आहे, याची वारकऱ्याला फिकीर नसते. शिवजयंतीच्या बाबतीत मात्र हे दोन हिशेब समोरासमोर उभे ठाकले, आणि १९ फेब्रुवारी की फाल्गुन वद्य तृतीया हा वाद सरकारने तारीख ठरवून टाकल्यावरही पुरता मिटला नाही, त्यामुळे अनेक ठिकाणी महाराजांची जयंती वर्षातून दोनदा साजरी होते. (त्यात महाराजांचे काही बिघडत नाही; वर्गणीदारांचे थोडे बिघडते.)

तिथीच्या मागे काही ना काही कथा, व्रत किंवा निदान चंद्राची एखादी कला तरी उभी असते. तारखेला असे काही नसते, ती निव्वळ एक आकडा असते, आणि म्हणूनच तिच्यावर कोण कोणाच्या शेजारी येऊन बसेल याचा नेम नसतो. १ ऑगस्ट १९२० रोजी लोकमान्य टिळकांनी क्रॉफर्ड मार्केटजवळच्या सरदारगृहात प्राण सोडला आणि त्याच दिवशी सांगली जिल्ह्यातल्या वाटेगावात अण्णाभाऊ साठे जन्माला आले. या दोघांना एकत्र आणणारे दुसरे कोणतेही निमित्त एरवी सापडले नसते, पण महाराष्ट्रातल्या प्रत्येक शाळेत त्या दिवशी एकाच टेबलावर दोन तसबिरी असतात, दोन हार असतात आणि भाषण करणारे मूल एका दमात दोघांचे जन्मगाव सांगून मोकळे होते. १२ जानेवारीला राजमाता जिजाऊ आणि स्वामी विवेकानंद अशीच जोडी जमते. २ ऑक्टोबरला लालबहादूर शास्त्रींच्या वाट्याला शेवटची दोन वाक्ये येतात, तीही अध्यक्षांनी घड्याळाकडे पाहिले नसेल तर.

या जोड्या जमण्यात तारखेचे काही कर्तृत्व नसले, तरी कोणाच्या वाट्याला तसबीर येते, कोणाला दोन वाक्ये आणि कोणाला काहीच नाही, हे मात्र तारखेवर अवलंबून नसते. ते कशावर अवलंबून असते, हा प्रश्न मला १४ एप्रिलपाशी येऊन अडवतो, कारण मुंबईत त्या दिवशी दोन स्मरणे असतात आणि ती सहसा एका टेबलावर येत नाहीत.

पहिले स्मरण शहराला विसरता येणे शक्य नाही. तेरा तारखेच्या रात्री बाराच्या ठोक्याला वरळी, नायगाव आणि ना. म. जोशी मार्गावरच्या बीडीडी चाळींच्या परिसरात, चेंबूरला, घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात फटाके वाजू लागतात, आणि जिथे मोठे पटांगण नाही तिथे दोन इमारतींमधल्या बोळात निळ्या पताका लागलेल्या असतात. सकाळी त्रिशरण-पंचशील होते, पांढऱ्या साड्यांमधल्या बायका मुलांना घेऊन दादरच्या चैत्यभूमीकडे निघतात, वाटेत सरबताचे आणि पुस्तकांचे स्टॉल असतात. संध्याकाळच्या मिरवणुकीतला आवाज हा माझ्या शेजाऱ्यांच्या तक्रारीचा वार्षिक विषय आहे. याच शेजाऱ्यांना भाद्रपदात तो आवाज ऐकू येत नाही, हे मी त्यांना एकदा सांगून पाहिले आणि नंतर सांगणे सोडून दिले. कित्येक वस्त्यांमध्ये याच आठवड्यात विद्यार्थी सलग अठरा तास अभ्यासाला बसतात, आणि एखाद्या पुढाऱ्याच्या जन्मदिवशी मुलांनी अठरा तास वाचत बसायचे, ही प्रथा दुसऱ्या कोणाच्या वाट्याला आलेली मला ठाऊक नाही.

ही जयंती कोणत्याही सरकारने सुरू केलेली नाही. १४ एप्रिल १९२८ रोजी, बाबासाहेब सदतीस वर्षांचे होऊन आपल्या कामाच्या ऐन मध्यात असताना, जनार्दन सदाशिव रणपिसे या त्यांच्या अनुयायाने पुण्यात पहिली सार्वजनिक जयंती साजरी केली. सार्वजनिक सुट्टी, संसदेतले अभिवादन, महाराष्ट्र शासनाने जाहीर केलेला ज्ञान दिवस, हे सगळे त्यानंतर कितीतरी वर्षांनी आले. आधी वस्तीने पदरमोड करून दिवस पाळला आणि शासन मागून त्यात सामील झाले. हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो. जी माणसे गावच्या कुठल्याही मानाच्या यादीत नव्हती, त्यांनी कॅलेंडरातली एक तारीख आपल्या नावावर करून घेतली.

दुसरे स्मरण त्याच दिवशी सकाळी भायखळ्याला, मुंबई अग्निशमन दलाच्या मुख्यालयात होते. गणवेशातले जवान रांगेत उभे राहतात, पुष्पचक्र वाहिले जाते आणि देशभर १४ ते २० एप्रिल हा अग्निशमन सेवा सप्ताह सुरू होतो. त्या आठवड्यात कचेऱ्यांमधून आणि गृहनिर्माण संस्थांमधून आग विझवण्याची प्रात्यक्षिके होतात, छातीला लावायची छोटी ध्वजचिन्हे वाटली जातात. आमच्या इमारतीतही एकदा असे प्रात्यक्षिक झाले. लाल नळकांड्याची पिन कशी काढायची आणि फवारा ज्योतीवर नव्हे तर बुडाशी कसा मारायचा हे सर्वांनी शिकून घेतले, पण हा आठवडा नेमका याच तारखेला का सुरू होतो, हे एकानेही विचारले नाही. आणि १९४४ च्या गोदीतल्या ज्या स्फोटाची ती आठवण आहे, तो जिथे घडला ती जागा आमच्या गच्चीवरून दिसावी इतकी जवळ आहे.

घडले ते असे. 'फोर्ट स्टिकिन' हे सात हजार टनांचे मालवाहू जहाज २४ फेब्रुवारी १९४४ रोजी इंग्लंडातल्या बर्कनहेडहून निघून कराचीमार्गे १२ एप्रिलला मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत लागले. त्याच्या पोटात सुमारे १,४०० टन स्फोटके आणि दारूगोळा होता, खोक्यांत भरलेली लढाऊ विमाने होती, आणि कराचीला त्यावर कापसाच्या हजारो गासड्या, तेलाची पिंपे, लाकूड, गंधक, भंगार असा माल चढवला होता. कापूस आणि स्फोटके शेजारी ठेवू नयेत हे गोदीतल्या पोरालाही कळते, पण युद्ध चालू होते, जहाजे कमी होती आणि जागा मिळेल तिथे माल कोंबला जात होता. स्फोटके असलेल्या जहाजाने लाल निशाण लावावे असा दंडक असतो. युद्धकाळात तोही पाळला गेला नाही, त्यामुळे आजूबाजूच्या जहाजांना आपण कशाशेजारी उभे आहोत याचा पत्ता नव्हता.

१४ एप्रिल १९४४ हा शुक्रवार होता. दुपारच्या जेवणाच्या सुट्टीनंतर हमालांच्या टोळ्या कामावर परतल्या आणि दोनच्या सुमारास दुसऱ्या क्रमांकाच्या फाळक्यातून, म्हणजे जहाजाच्या मालाच्या कप्प्यातून, धूर येत असल्याची वर्दी गेली. बंब आले, पाण्याचे फवारे सुरू झाले, पण आग कापसाच्या थरांखाली होती आणि पाणी तिच्यापर्यंत पोचत नव्हते. जहाज आहे तिथेच बुडवावे की ओढून बाहेर समुद्रात न्यावे, यावर अधिकाऱ्यांमध्ये खल चालू राहिला आणि निर्णय कोणीच घेतला नाही. डेक तापून पाण्याची वाफ होत असताना बंबवाले मात्र जागेवरून हलले नाहीत. चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला, आणि अर्ध्या तासाच्या आत दुसरा, पहिल्याहून मोठा. 'जलपद्म' नावाचे शेजारचे अख्खे जहाज पाण्यातून उचलले जाऊन धक्क्यावर आदळले. हादरा हजार किलोमीटरहून दूर असलेल्या सिमल्यातल्या भूकंपमापकावर उमटला. पेटत्या कापसाचे गोळे आणि तापलेले लोखंड मांडवी, मशीद बंदर, दाणाबंदर या दाट वस्तीच्या भागावर पडले, धान्याची कोठारे जळाली, सुमारे ८०,००० माणसे बेघर झाली. आग आटोक्यात यायला तीन दिवस लागले, आणि पाच लाख टन राडारोडा उपसून गोदी पुन्हा चालू करण्यासाठी ८,००० माणसे सात महिने राबली.

हे सर्व घडत असताना युद्धाची सेन्सॉरशिप लागू होती. बाहेरच्या जगाला या स्फोटाची तपशीलवार बातमी दुसऱ्याच दिवशी मिळाली ती जपान्यांच्या ताब्यातल्या सायगाव रेडिओवरून. इथल्या वार्ताहरांना बातम्या पाठवण्याची मुभा मिळायला मे महिन्याचा दुसरा आठवडा उजाडला. ज्या शहराच्या खिडक्यांच्या काचा फुटल्या होत्या, त्याच शहराबद्दलची ही गुप्तता होती. घटना ताजी असते तेव्हाच तिच्याभोवती माणसे, नावे आणि आठवणी गोळा होत असतात. इथे त्या पहिल्या दिवसांत छापील शब्दच नव्हता, आणि पुढच्या विस्मरणाचे एक मूळ मला तिथे दिसते.

दुसरे मूळ आकड्यांत आहे. अग्निशमन दलाचे ६६ जण गेले. हा आकडा पक्का आहे, कारण दलाकडे हजेरीपट होता, प्रत्येकाचे नाव आणि हुद्दा लिहिलेला होता. एकूण किती माणसे गेली, या प्रश्नाचे उत्तर मात्र कोणी ८०० देते, कोणी १,३०० देते. या दोन आकड्यांमध्ये ५०० माणसांचे अंतर आहे. गोदीत टोळीने काम करणारे हमाल, गोणी वाहणारे, बैलगाड्या हाकणारे, दाणाबंदरात सांडलेले धान्य झाडून गोळा करणाऱ्या बायका, यांची नोंद कोणाकडे असणार होती? टोळीवाला मुकादम सकाळी धक्क्याच्या फाटकाशी माणसे उचलत असे, संध्याकाळी मजुरी देत असे आणि दुसऱ्या दिवशी दुसरी माणसे घेत असे. माणूस घाटावरचा असो, कोकणातला असो की उत्तरेकडचा, तो त्या दिवशी कामावर होता याचा पुरावा म्हणजे तो संध्याकाळी खोलीवर परतला नाही, एवढाच.

याच जहाजावर सोनेही होते. ३१ पेट्यांमध्ये १२४ विटा, आठ लाख नव्वद हजार पौंडांच्या. स्फोटाने त्या आकाशात उडाल्या, काही वस्तीत पडल्या, बऱ्याच गाळात गेल्या. पुढे गोदीतला गाळ उपसताना त्या एकेक करून सापडत राहिल्या, अगदी फेब्रुवारी २०११ पर्यंत, आणि सापडतील तशा ब्रिटिश सरकारला परत केल्या गेल्या. सदुसष्ट वर्षे एक हिशेब उघडा ठेवला गेला, ही कारभाराच्या दृष्टीने कौतुकाचीच गोष्ट म्हणावी लागेल.

दिनविशेषाच्या सदरांत १४ एप्रिलला आणखी एक दुर्घटना न चुकता असते: १४ एप्रिल १९१२ च्या रात्री 'टायटॅनिक' हिमनगावर आदळली. तिच्यावरच्या सुमारे १,५०० मृतांपैकी बहुतेकांचे नाव, वय, वर्ग आणि चढल्याचे बंदर आज शंभर वर्षांनंतरही सांगता येते, कारण जहाज कंपनीपाशी तिकिटांची यादी होती. यादी असली की वंशज शोधता येतात, वंशज असले की पत्रे आणि छायाचित्रे निघतात, आणि त्यांच्यापाठोपाठ पुस्तके, चित्रपट, संग्रहालये येतात. आदल्या तारखेला, १३ एप्रिलला, जालियनवाला बाग येते, आणि तिथेही सरकारने नेमलेल्या हंटर समितीचा ३७९ हा आकडा आणि काँग्रेसच्या चौकशी समितीचा हजाराच्या आसपासचा आकडा आजतागायत एकमेकांशी भांडत आहेत. तिथे निदान भांडायला कोणीतरी आहे. गोदीच्या ५०० माणसांसाठी भांडणारेही कोणी उरलेले नाही.

आमच्या आजीला तारखा माहीत नव्हत्या. तिची कालगणना घटनांची होती, प्लेगच्या साली अमका गेला आणि मोठ्या संपाच्या साली तमकीचे लग्न झाले. "गोदी उडाली ना, त्याच्या आधीच्या शिमग्यातला तुझा थोरला काका," असे ती सांगत असे. उमरखाडीतल्या त्यांच्या खोलीत फळीवरची पितळेची भांडी खाली आली होती आणि बाळंतीण झालेली आजी महिन्याचे मूल उराशी धरून जिन्याखाली जाऊन बसली होती. काकांच्या शाळेच्या दाखल्यावर मात्र १ जून १९४३ ही जन्मतारीख आहे. शाळा जूनमध्ये सुरू होते, प्रवेशाला सहा वर्षे पुरी लागतात, म्हणून मास्तरांनी हिशेब जुळवून १ जून लिहून टाकली. महाराष्ट्रात त्या पिढीची निम्मी माणसे १ जूनला जन्मलेली आहेत, हे कोणत्याही पेन्शनच्या रांगेत उभे राहिल्यास कळते. ज्या घरांतल्या जन्माचीही खरी तारीख कागदावर आली नाही, त्या घरांतून गोदीवर गेलेल्या माणसाच्या मृत्यूची यावी, ही अपेक्षा करणेच जरा भाबडेपणाचे होते.

१४ एप्रिल १९४४ रोजी बाबासाहेबांना त्रेपन्न वर्षे पूर्ण झाली आणि त्या वेळी ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. जुलै १९४२ पासून १९४६ पर्यंत ते खाते त्यांच्याकडे होते. बंदरांचा कारभार त्यांच्याकडे नव्हता, आणि त्यांचा वाढदिवस नि स्फोट एका दिवशी आले हा निव्वळ योगायोग आहे, त्यातून काही गूढ अर्थ काढण्यात मला रस नाही. पण ज्या मजुरांची नावे कोणाच्या वहीत नव्हती, त्यांच्यातूनच बाबासाहेबांची मुंबई उभी राहिली होती. परळच्या बीआयटी चाळीत त्यांनी वीसेक वर्षे काढली, १९३६ मध्ये पक्ष काढला त्याचे नाव स्वतंत्र मजूर पक्ष ठेवले, आणि ७ नोव्हेंबर १९३८ रोजी औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध मुंबईत जो संप झाला त्याच्या अग्रभागी ते होते. गिरणीत, रेल्वेत, गोदीत राबणारी आणि रात्री चाळीच्या पटांगणात सभेला बसणारी माणसे एकच होती. तेव्हा १४ एप्रिलची दोन स्मरणे एका टेबलावर येत नाहीत याचे कारण ती परक्यांची आहेत हे नव्हे. एका स्मरणाच्या पाठीशी वस्ती उभी राहिली. दुसऱ्याच्या पाठीशी फक्त एक सरकारी दल उभे राहिले, आणि दलाने स्वाभाविकपणे आपल्या माणसांची नावे जपली. त्यात दलाचा दोष नाही.

नोंद हवी, हे पुढे कायद्यालाही पटले. १९४८ मध्ये गोदी कामगारांच्या रोजगाराचे नियमन करणारा कायदा झाला आणि त्यानंतर मुंबईच्या गोदीत टोळीच्या कामगाराला नोंदणी, हजेरी आणि पाळी मिळू लागली. १९६९ मध्ये महाराष्ट्राने माथाडी, हमाल आणि इतर श्रमजीवी कामगारांचा कायदा केला, आणि दाणाबंदराच्या ज्या गल्ल्यांमध्ये स्फोटाच्या दिवशी निनावी माणसे गेली तिथल्याच हमालाच्या हाती मंडळाचे कार्ड आले. हे कायदे स्फोटामुळे झाले असा माझा दावा नाही, त्यामागे कामगारांच्या लढ्यांचा स्वतंत्र आणि मोठा इतिहास आहे. पण कार्डावर छापलेल्या नावाची किंमत काय असते, हे मला त्या दोन आकड्यांमधल्या अंतरामुळे कळले.

आमच्या भागातल्या एका सार्वजनिक वाचनालयाच्या दाराशी फळा आहे आणि त्यावर रोजचा दिनविशेष लिहिण्याचे काम काही वर्षे माझ्याकडे आहे. फळा लहान असल्याने चार ओळींहून अधिक मावत नाही. एका वर्षी चौदा तारखेला मी जयंतीखाली गोदीतल्या स्फोटाची ओळ लिहिली, तेव्हा कार्यकारिणीतल्या एका ज्येष्ठ सभासदांनी, जयंतीच्या मंगल दिवशी अपघात कशाला, असे म्हणून ती पुसायला सांगितली. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करायला येणारा, नायगावच्या चाळीतला एक तरुण तिथे उभा होता. तो म्हणाला, "राहू द्या ना काका. बाबासाहेब तेव्हा मजूरमंत्री होते, आणि मेले ते मजूरच होते." ओळ राहिली. त्याखाली त्याने स्वतःच खडू घेऊन ६६ हा आकडा लिहिला, पुढे अधिकचे चिन्ह काढले आणि मला विचारले, की उरलेल्यांचा आकडा काय लिहू. मी दोन्ही सांगितले. त्याने काही न लिहिता खडू ठेवून दिला.

तेव्हापासून मी ती उरलेली नावे गोळा करण्याच्या खटपटीत आहे. प्रिन्सेस आणि व्हिक्टोरिया या दोन्ही गोद्या आता भराव घालून बुजवल्या आहेत, तेव्हा जागेवर जाऊन काही हाती लागण्याची आशा नाही. आणि त्या दिवशी वीस वर्षांचा असलेला माणूस आज शंभरीच्या पुढे असणार. माहिती असली तर घरांतच असेल. डोंगरी, उमरखाडी, माझगाव, मांडवी इथल्या जुन्या बिऱ्हाडांत, किंवा सातारा, पुणे, रत्नागिरीकडच्या ज्या गावांतून माणसे गोदीत येत असत तिथल्या एखाद्या घरात, "आजोबा मुंबईला गोदीत गेले ते परत आले नाहीत" असे वाक्य सांगितले जात असेल तर ते मला कळवावे. नाव, गाव आणि कोणत्या मुकादमाच्या टोळीत काम करत असत एवढे पुरे आहे. मनिऑर्डरीची जुनी पावती असल्यास तिच्यावरचा टपालाचा शिक्का वाचून पाहावा, त्यावर तारीख असते. वय ठाऊक नसले तरी चालेल.